हालश्टाट

हालश्टाट : ऑस्ट्रियाच्या अपर ऑस्ट्रिया प्रांतातील एक लहान आल्पीय गाव व युरोपीय लोहयुगाच्या आद्य कालखंडास ज्याचे नाव मिळाले ते पुरातत्त्वीय स्थळ. लोकसंख्या सु. ७५० (२०२१). हे साल्झबुर्गच्या आग्नेयीस सु. ५० किमी. अंतरावर, ग्मुंडन जिल्ह्याच्या दक्षिण भागात, हालश्टाट सरोवराच्या नैर्ऋत्य काठावर वसले आहे. गावाच्या हद्दीचे क्षेत्रफळ सु. ६० चौ. किमी. असले, तरी त्यातील बहुतेक प्रदेश उघडा खडक, अरण्य व हिमाच्छादित पठार यांनी व्यापलेला असून वस्तीस योग्य अशी सपाट जमीन अत्यल्प आहे. शेतीला प्रतिकूल अशा या जागी माणसाने सु. सात हजार वर्षांपूर्वीपासून वावर ठेवला, याचे कारण गावामागील डोंगराच्या पोटातील मीठ होय. गावाच्या नावातील ‘हाल’ हा घटकही मिठाशी निगडित मानला जातो. मात्र त्याच्या व्युत्पत्तीविषयी भाषाशास्त्रज्ञांत एकमत नाही.

भूवर्णन : हालश्टाट सरोवर समुद्रसपाटीपासून ५०८ मी. उंचीवर असून त्याचे क्षेत्रफळ सु. ८·५ चौ. किमी. व कमाल खोली १२५ मी. आहे. हिमनदीने खोदलेल्या खोल दरीत ते निर्माण झाले. डॅन्यूबची उपनदी ट्राउन ही दक्षिणेकडून सरोवरात प्रवेश करते व उत्तरेकडून बाहेर पडते. दक्षिणेस डाखश्टाइन हा चुनखडकाचा गिरिपिंड असून त्याचे सर्वोच्च शिखर २,९९५ मी. उंच आहे. या चुनखडकात पाणी झिरपून अनेक विवरे, गुहा व भूमिगत प्रवाह तयार झाले आहेत. गावाच्या पश्चिमेस प्लासन हा सु. १,९५३ मी. उंचीचा डोंगर असून त्याच्या पूर्वेकडील एका उंचावरच्या अरुंद दरीत मीठखाण आहे. हीच दरी ‘झाल्ट्सबेर्ग’ म्हणजे मिठाचा डोंगर या नावाने ओळखली जाते.

येथील मीठ सु. २५ कोटी वर्षांपूर्वी पर्मियन काळातील उथळ समुद्र आटून साचले. पुढे आल्प्सच्या उत्थानात हे थर चुरडले गेले. त्यामुळे ते शुद्ध थरांच्या रूपात न आढळता माती व जिप्सम यांच्याशी मिसळलेल्या खडकाच्या रूपात आढळते. या मिश्र खडकाचा एक गुणधर्म हालश्टाटच्या इतिहासाच्या दृष्टीने निर्णायक ठरला. डोंगराच्या भाराने तो अतिशय मंद गतीने सरकतो व खोदलेल्या पोकळ्या कालांतराने बुजवून टाकतो. खाणकामगारांनी मागे टाकलेल्या वस्तू अशा रीतीने मिठात गाडल्या जातात. आणि मीठ हे परिरक्षक असल्याने एरव्ही कुजून नष्ट होणारे लाकूड, चामडे, लोकर, गवत, एवढेच नव्हे तर अन्नाचे अवशेषही टिकून राहतात. अशा प्राचीन अवशेषांनी भरलेल्या खडकाला पुढील काळातील कामगार ‘हायडेनगेबिर्ग’ म्हणजे ख्रिस्तपूर्व लोकांचा डोंगर असे म्हणू लागले. पुरातत्त्वविद्येने तेच नाव पुढे स्वीकारले.

गाव दोन मुख्य भागांत विभागले आहे. जुनी पेठ सरोवर व उभा कडा यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीवर वसली असून तेथील घरे एकावर एक रचल्याप्रमाणे उतारावर चढत गेली आहेत. एका घराचे छप्पर वरच्या घराच्या उंबरठ्याच्या पातळीवर येते. दुसरा भाग ‘लान’ हा दक्षिणेकडे ओढ्याच्या गाळाने बनलेल्या सपाटीवर आहे. भोवतालच्या उंच कड्यांमुळे हिवाळ्यात जुन्या वस्तीच्या काही भागांवर कित्येक आठवडे ऊन पडत नाही.

प्रागैतिहासिक खाणकाम : १८३८ मध्ये झाल्ट्सबेर्ग दरीत हरणाच्या शिंगापासून केलेला एक टिकाव सापडला. नंतरच्या परीक्षणातून तो इ. स. पू. सु. ५००० या काळातील, म्हणजे नवाश्मयुगीन असल्याचे निष्पन्न झाले. त्या काळी मीठ कोणत्या पद्धतीने मिळवीत, हे स्पष्ट झालेले नाही. ब्राँझयुगात मात्र, इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकाच्या मध्यास, येथे पूर्णपणे संघटित असे खाणकाम चालत असल्याचा भरपूर पुरावा उपलब्ध आहे. शंभर मीटरांहून अधिक खोल कूपक खणून कामगार मिठाच्या थरापर्यंत पोहोचत. ब्राँझच्या टोकदार टिकावांना झाडाच्या नैसर्गिक रीत्या वाकलेल्या फांदीची मूठ बसविलेली असे. फर व स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षांच्या बारीक चिरफाळ्या जाळून उजेड केला जाई. अशा जळक्या चिरफाळ्या खाणीत सर्वत्र विखुरलेल्या आढळतात. खोदलेले मीठ गाईबैलांच्या कातड्याच्या पाठपिशव्यांतून वाहून नेत. या पिशव्यांची रचना अशी होती, की त्या खांद्यावरून न उतरविता केवळ एका दांड्याच्या साहाय्याने तिरप्या करून रिकाम्या करता येत.

२००३ मध्ये खाणीत ब्राँझयुगीन लाकडी जिना सापडला. वृक्षवलयांच्या आधारे त्याचे लाकूड इ. स. पू. १३४४–४३ च्या सुमारास तोडल्याचे निश्चित झाले आहे. युरोपात आजवर सापडलेल्या लाकडी जिन्यांत हा सर्वांत प्राचीन मानला जातो. त्याच्या पायऱ्या दोन्ही बाजूंच्या खोबणीत अशा बसविल्या होत्या, की जिन्याचा तिरकसपणा बदलला तरी प्रत्येक पायरी आडवी ठेवता यावी. सरकत्या डोंगरात काम करणाऱ्यांना या युक्तीचे महत्त्व किती असेल, हे सहज ध्यानात येते. याच काळात दरीत ओंडक्यांचे मोठे हौद बांधून त्यांत डुकराचे मांस मिठात मुरविण्याचा उद्योगही चाले. म्हणजे येथून केवळ मीठच नव्हे, तर टिकाऊ मांसही दूरवर जात असावे.

ब्राँझयुगीन खाणकाम दरड व चिखलाचे लोंढे खाणीत घुसल्यामुळे बंद पडले. इ. स. पू. नवव्या–आठव्या शतकांत ते नव्या ठिकाणी व नव्या पद्धतीने पुन्हा सुरू झाल्याचे दिसते. या लोहयुगीन टप्प्यात कामगार मिठाच्या शुद्ध थरांचा मागोवा घेत आडव्या प्रचंड दालनांतून खोदत आणि हृदयाच्या आकाराच्या खाचा पाडून मिठाचे मोठे तुकडे काढीत. या टप्प्यातील कापडाचे शेकडो तुकडे सापडले असून त्यांतील लोकर निळ्या, पिवळ्या व इतर रंगांत रंगविलेली आहे. चौकटींचे व पट्ट्यांचे नक्षीकाम, तसेच फाटलेल्या जागी घातलेली ठिगळेही त्यांत स्पष्ट दिसतात. जुनी वस्त्रे फाडून त्यांच्या चिंध्या खाणीत वापरीत असावेत, असे अनुमान आहे.

खाणीत टिकून राहिलेल्या मानवी विष्ठेच्या परीक्षणावरून वरी, सातू व बाकला यांची मांस घालून शिजविलेली खिचडीवजा पेज हे कामगारांचे मुख्य अन्न असल्याचे कळते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सूक्ष्मजीवशास्त्रीय संशोधनात लोहयुगीन नमुन्यांत निळ्या चीजमधील बुरशीचा व बिअर आंबविणाऱ्या किण्वाचा जनुकीय अंश आढळला. त्यामुळे अन्न आंबविण्याचे ज्ञान त्या काळी येथे अवगत होते, या मतास बळकटी मिळाली.

या समृद्धीची दुसरी बाजूही अवशेषांतूनच उघड होते. दफनभूमीतील सांगाड्यांच्या अभ्यासात पुरुषांच्या हाडांवर टिकाव चालविण्याच्या, तर स्त्रियांच्या हाडांवर ओझी वाहण्याच्या दीर्घकालीन श्रमांच्या खुणा दिसून आल्या. लहान मुलांच्या सांगाड्यांतही मानेवर भार पडल्याने झालेली झीज आढळते. खाणीत सापडलेली लहान मापाची पादत्राणे याच निष्कर्षाकडे निर्देश करतात. हालश्टाटची संपन्नता संपूर्ण कुटुंबांच्या व बालकांच्याही कष्टांवर उभी होती, असा याचा अर्थ होय.

दफनभूमीचा शोध व कालगणना : १८४६ मध्ये खाण-अधिकारी योहान गेओर्ग रामझाउअर यांना झाल्ट्सबेर्ग दरीत खडीसाठी खणताना प्राचीन थडगी आढळली. त्यांनी १८६३ पर्यंत ९८० थडगी उघडली व सु. १९,५०० वस्तू नोंदविल्या. प्रत्येक थडग्याची स्वतंत्र नोंद करून त्याची जलरंगातील चित्रे तयार करवून घेण्याची त्यांची पद्धत त्या काळाच्या मानाने अत्यंत पुढारलेली होती. तथापि त्यांनी हाडे बहुतांशी जतन केली नाहीत. त्यामुळे पुढील संशोधकांना महत्त्वाच्या पुराव्यास मुकावे लागले. १८५६ मध्ये सम्राट फ्रान्झ योझेफ व सम्राज्ञी एलिझाबेट यांनी या उत्खननास भेट दिली होती. नंतरच्या उत्खननांसह आतापर्यंत सु. १,५०० थडगी ज्ञात झाली आहेत. त्यांत दफन व दहन असे दोन्ही विधी शेजारीशेजारी आढळतात. तलवारी व खंजीर, ब्राँझची भांडी, नक्षीदार कमरपट्टे, अंबर व काच यांचे मणी आणि हस्तिदंती मुठी अशा वस्तूंवरून या गावाचा व्यापारी संबंध बाल्टिक किनाऱ्यापासून भूमध्य समुद्रापर्यंत पोहोचला होता, हे सिद्ध होते.

स्वीडिश पुरातत्त्वज्ञ हान्स हिल्डेब्रांड यांनी १८७० नंतरच्या दशकात युरोपीय लोहयुगाचे दोन टप्पे कल्पिले व पूर्वीच्या टप्प्यास हालश्टाटचे, तर नंतरच्या टप्प्यास स्वित्झर्लंडमधील ला तेन या स्थळाचे नाव दिले. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन संशोधक पाउल रायनेके यांनी ‘हालश्टाट’ या संज्ञेचे ए, बी, सी, डी असे चार भाग पाडले. त्यांतील पहिले दोन उत्तर ब्राँझयुगात मोडतात, तर शेवटचे दोन, म्हणजे इ. स. पू. सु. ८०० ते ४५० हा काळ, खऱ्या अर्थाने हालश्टाट लोहयुग समजला जातो. ही संज्ञा पूर्व फ्रान्सपासून पश्चिम हंगेरीपर्यंतच्या विस्तृत प्रदेशाला लावली जाते. त्या सर्व प्रदेशात एकच लोकसमूह किंवा एकच सत्ता नांदत होती, असा मात्र तिचा अर्थ नव्हे. इ. स. पू. चौथ्या शतकात दरड कोसळण्याच्या प्रचंड आपत्तीने येथील खाणकाम पुन्हा खंडित झाले. रोमन काळात लान येथील सपाटीवर वस्ती होती.

मध्ययुग व मिठाचे राज्य : तेराव्या शतकाच्या अखेरीस हाब्सबुर्ग घराण्याने या भागावर पकड बसविली. ड्यूक पहिला आल्ब्रेख्ट याने १२८४ मध्ये खाणीच्या रक्षणासाठी दरीच्या मुखाशी बुरूज बांधला व आपल्या वडिलांच्या नावावरून तो रूडॉल्फ बुरूज म्हणून ओळखला जाऊ लागला. शेजारच्या साल्झबुर्गच्या आर्चबिशपचे उत्पन्नही मिठावर अवलंबून असल्याने त्या काळी उभय सत्तांत तीव्र स्पर्धा होती. आल्ब्रेख्टच्या वधानंतर त्याची विधवा राणी एलिझाबेट हिने १३११ मध्ये येथील मिठाच्या उद्योगाची पुनर्रचना केली व गावास पेठेचे हक्क बहाल केले. पुढे हा संपूर्ण प्रदेश राजकोशाच्या थेट अखत्यारीत आला. ‘झाल्ट्सकामरगूट’ हे त्याचे नाव याच व्यवस्थेचे द्योतक असून त्याचा अर्थ ‘मिठाची कोशमालमत्ता’ असा होतो. अरण्ये, जलप्रवाह, वाहतूक व कामगारांचे जीवन ही सर्व मिठाच्या उत्पादनाला जुंपलेली होती.

मध्ययुगीन पद्धत प्राचीन पद्धतीहून भिन्न होती. खडक फोडून मीठ काढण्याऐवजी डोंगरातील दालनांत गोडे पाणी सोडीत, त्यात मीठ विरघळू देत व तयार झालेली संपृक्त मिठवणी खाली आणून मोठ्या कढयांत आटवीत. यासाठी अमाप सरपण लागे. हालश्टाटच्या भोवतालची अरण्ये अपुरी पडू लागली, तेव्हा सरपण मिठवणीकडे आणण्यापेक्षा मिठवणीच सरपणाकडे नेण्याचा निर्णय झाला. १५९५ ते १६०७ या काळात हालश्टाटपासून इशलमार्गे ट्राउन सरोवराच्या काठावरील एबेन्झेपर्यंत सु. ४० किमी. लांबीची नळवाट उभारण्यात आली. तिच्यासाठी सु. १३,००० पोकळ केलेले ओंडके एकमेकांस जोडले होते व मिठवणी केवळ उताराच्या बळावर वाहत असे. नळांचे साहित्य बदलले, तरी हा मार्ग वापरात राहिला असून तो जगातील सर्वांत जुन्या औद्योगिक नळमार्गांपैकी एक गणला जातो. अठराव्या शतकात गोझाऊ ओढ्याची दरी ओलांडण्यासाठी या मार्गावर उंच खांबांचा पूल बांधण्यात आला. १७५० मधील भीषण आगीत पेठेचा मोठा भाग व मिठागार जळाले. त्यानंतर मिठागार लान येथे हलविण्यात आले व पेठ नव्याने उभी राहिली. लान येथील मिठागार १९६५ मध्ये बंद झाले. मिठवणीचे उत्पादन मात्र चालू असून ती एबेन्झे येथील कारखान्यास पुरविली जाते.

धर्म व समाज : सोळाव्या शतकात खाणकामगारांत ल्यूथरच्या शिकवणुकीचा झपाट्याने प्रसार झाला. हाब्सबुर्ग सत्तेने कॅथलिक पंथाची सक्तीने पुनःस्थापना केल्यावर अनेक कुटुंबांनी आपली श्रद्धा गुप्तपणे जतन केली. सम्राट सहाव्या कार्लच्या कारकीर्दीत, १७३४ मध्ये, झाल्ट्सकामरगूटमधील प्रॉटेस्टंटांना बळाने ट्रान्सिल्व्हेनियात पाठविण्यास आरंभ झाला. हालश्टाटमधील कुटुंबेही त्यांत होती. कुशल कामगार परराज्यात जाऊ नयेत व साम्राज्याच्या सीमेवरील ओस प्रदेश वसावा, असा दुहेरी हेतू या हद्दपारीमागे होता. त्यांचे वंशज तेथे ‘लांडलर’ म्हणून ओळखले जातात. त्याच वर्षी खाणीत दरड कोसळून मिठात गच्च रुतलेले एका प्रागैतिहासिक कामगाराचे शव उघडे पडले. तो ख्रिस्ती नसावा, असे समजून त्यास दफनभूमीच्या कडेला पुरण्यात आले. शवाचा पुढे काहीही मागमूस उरला नाही. पुरातत्त्वदृष्ट्या अमोल असा हा पुरावा नष्ट झाला. मृताला माती देणे हे त्या पिढीला कर्तव्य वाटले, हेही लक्षात घेतले पाहिजे.

१७८१ च्या सहिष्णुता-फर्मानाने प्रॉटेस्टंटांना उपासनेची मर्यादित मुभा मिळाली. सरोवरकाठचे त्यांचे उंच मनोऱ्याचे चर्च १८६३ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या वर, कड्याच्या कुशीत, कॅथलिक पंथीयांचे मारियाचे चर्च असून त्याची सध्याची गॉथिक वास्तू १५०५ मध्ये पूर्ण झाली. त्यातील पंख असलेली कोरीव काष्ठवेदी लीनहार्ट आस्टल याच्या कार्यशाळेची मानली जाते. कॉर्पस क्रिस्ती या सणाच्या दिवशी येथील मिरवणूक जमिनीऐवजी सरोवरातून नावांतून निघते; गावात मिरवणुकीपुरतीही मोकळी जागा नसल्याचा हा परिणाम होय.

अस्थिगृह : जागेच्या टंचाईचा सर्वांत बोलका पुरावा कॅथलिक चर्चशेजारील संत मिखाएलच्या बाराव्या शतकातील प्रार्थनामंदिराच्या तळघरात आढळतो. लहानशा दफनभूमीत नव्या मृतांसाठी जागा करण्याकरिता दहा–पंधरा वर्षांनी जुनी थडगी उघडीत. अस्थी स्वच्छ करून कवट्या उन्हात व मोकळ्या हवेत कित्येक आठवडे ठेवीत आणि त्या पांढऱ्या झाल्यावर त्यांवर मृताचे नाव, मृत्यूचे वर्ष व पानाफुलांची वेल रंगवून कुटुंबवार मांडून ठेवीत. रंगविण्याची ही चाल अठराव्या शतकात रूढ झाली. येथे सु. १,२०० कवट्या असून त्यांपैकी सु. ६१० रंगविलेल्या आहेत. १९६३ मध्ये कॅथलिक चर्चने दहनास अनुमती दिल्यानंतर ही चाल मागे पडली. शेवटची कवटी १९९५ मध्ये ठेवण्यात आली. ती १९८३ मध्ये मरण पावलेल्या एका स्त्रीची असून तिच्याच इच्छेनुसार तेथे ठेवली आहे.

दळणवळण : १८९० पर्यंत गावात गाडीवाट नव्हती. नावा व डोंगरातील पायवाटा हीच दळणवळणाची साधने होती. १८७७ मध्ये लोहमार्ग आला. तोही सरोवराच्या पूर्व काठाने गेल्यामुळे स्थानकावर उतरलेल्या प्रवाशाला गावात येण्यास बोटच घ्यावी लागते. १८९० मध्ये काही ठिकाणी कडा फोडून सरोवरकाठचा रस्ता करण्यात आला, तर १९६६ मध्ये डोंगरातून बोगदा काढून वाहनांची रहदारी जुन्या पेठेबाहेरून वळविण्यात आली. पेठेचे जुने स्वरूप टिकण्यास या बोगद्याचे मोठे साहाय्य झाले. लाकूडकामाचे शिक्षण देणारी १८७३ मध्ये स्थापन झालेली संस्था मिठाखेरीज गावाला लाभलेला दुसरा महत्त्वाचा आधार आहे.

वारसा व आजची स्थिती : एकोणिसाव्या शतकात चित्रकार, लेखक व शास्त्रज्ञ या दुर्गम गावाकडे आकृष्ट झाले. फेर्डिनांड गेओर्ग वाल्डम्युलर याने येथील सरोवरदृश्ये रंगविली. भूगोलज्ञ फ्रीड्रिख झिमोनी यांनी डाखश्टाइनच्या हिमनद्यांचे अनेक दशके निरीक्षण केले. त्यांच्या नोंदी व चित्रे हिमनद्यांच्या घटीच्या अभ्यासास आजही उपयुक्त ठरतात. १९९७ मध्ये ‘हालश्टाट–डाखश्टाइन / झाल्ट्सकामरगूट सांस्कृतिक भूदृश्य’ या नावाने हा प्रदेश यूनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. व्हिएन्नाच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने १९६० पासून खाणीत पद्धतशीर संशोधन चालविले असून गावातील संग्रहालयात येथील वस्तूंचे प्रदर्शन आहे. २०१२ मध्ये चीनच्या ग्वांगडुंग प्रांतात या पेठेची प्रतिकृती असलेली वसाहत खुली झाली. २०२४ मध्ये बाट इशल व झाल्ट्सकामरगूट प्रदेशास युरोपची सांस्कृतिक राजधानी हा मान मिळाला. त्या गावसमूहात हालश्टाटचाही समावेश होता.

या कीर्तीने नवीन प्रश्न निर्माण केले आहेत. गर्दीच्या दिवशी दहा हजारांपर्यंत प्रवासी, म्हणजे लोकसंख्येच्या दहापटीहून अधिक माणसे, या चिंचोळ्या पट्टीत येतात. २०२० पासून प्रवासी बसगाड्यांना आगाऊ वेळ ठरवून घेणे बंधनकारक करण्यात आले. २०२३ मध्ये रहिवाशांनी प्रवाशांची संख्या मर्यादित करण्याच्या मागणीसाठी निदर्शने केली. दुसरीकडे गावाची लोकसंख्या घटत आहे. २००१ मध्ये ती नऊशेहून अधिक होती; वीस वर्षांत ती सु. ७५० वर आली. मिठाच्या काळात जमीन नसतानाही माणसे येथे राहत, कारण काम येथे होते. आता गावाचे उत्पन्न मुख्यतः ते पाहावयास येणाऱ्यांवर अवलंबून आहे व राहती घरे प्रवाशांच्या निवासाकडे वळत आहेत. मिठाने येथील मृतांच्या वस्तू सहस्रावधी वर्षे जपल्या. घरे, चर्चे व पेठ यांचे रक्षण करण्यास कायदे व संस्था आहेत. परंतु जागतिक वारसा म्हणून ज्याची नोंद झाली, ते रिकाम्या वास्तूंचे नव्हे, तर माणसांनी कसलेले व राबविलेले भूदृश्य होय. त्यामुळे येथे नांदणारी कुटुंबे टिकविणे, हा हालश्टाटच्या वारसारक्षणाचा सर्वांत कठीण भाग ठरला आहे.